चार बोटं खाली

पेन्सिल उजव्या कानावर. डावा कान ऐकायला मोकळा ठेवलाय, असं सांगायचे.

कुणाकडेही गेले तरी खुर्ची आधी उलटी करून बघायची, मग बसायचं. दवाखान्यात एकदा डॉक्टरांचीच खुर्ची उलटी केली होती.

चहा संपला की कप भुशावर पालथा.

लाकूड आलं की टोकावर खडूने तारीख. त्या तारखेला वर्ष उलटेपर्यंत करवत लावायची नाही.

राग आला की एकच शिवी. प्लायवूड.

बघायचं ते वीतभर अंतरावरून. चष्मा कपाळावर ढकलायचा आणि वस्तूला नाक लागेल इतकं जवळ जायचं. माणसांकडेही तसंच. नवं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकायचं.

आणि काम कधी होईल असं विचारलं की उत्तर ठरलेलं. सावकाश होईल.

यावरून गल्लीने त्यांचं नाव सावकाश मिस्त्री ठेवलं. खरं नाव फक्त टपालवाल्याला माहीत होतं, आणि तोही हाक मारताना सावकाशच म्हणायचा.

समोरच्या घरात एक मुलगी राहायची. साहित्याची पदवी घेऊन चार वर्षं घरी बसलेली. दुपारी ती मिस्त्रींच्या दुकानात एका तिपाईवर बसून वाचायची, कारण तिच्या घरी सगळे तिला पुढे काय असं विचारायचे आणि मिस्त्री विचारायचे नाहीत. ते तिला पदवीधर म्हणायचे.

"काय पदवीधर, संपलं का पुस्तक?"

"संपलं."

"शेवटी काय झालं?"

"तो मरतो."

"मग पाचशे पानं कशाला लागली त्याला?"

दुकान म्हणजे पुढची खोली. आठ फूट रुंद, लांबीला बरी. मधे लाकडाचा बाक, भिंतीवर हत्यारं, जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा. मागे एक दार, दारामागे राहायची खोली. वर पत्रा, पत्र्याखाली फळ्यांचं छत, तेही मिस्त्रींनीच ठोकलेलं. मागच्या खोलीत पलंग, आणि पलंगासमोरच्या भिंतीला लाकडाची मांडणी. जमिनीपासून छतापर्यंत फळ्याच फळ्या. पूर्वी ती पुढे होती. आठ वर्षांपूर्वी पुढच्या भिंतीला ओल आली, तेव्हा मिस्त्रींनी सगळं लाकूड आत नेलं. मागे हवा खेळते, लाकूड बरं वाळतं, म्हणाले.

काकू, म्हणजे त्यांची बायको, दुकानातच काम करायची. मिस्त्रींनी घडवायचं, काकूंनी पॉलिश करायचं, असं एकतीस वर्षं चाललं. गिऱ्हाइकाने मिस्त्रींचं कौतुक केलं की काकू हातातला बोळा न थांबवता म्हणायच्या, "चांगलं करतात हो. चार बोटं कमी पडतात तेवढीच."

"म्हणजे?" गिऱ्हाईक विचारायचं.

"लग्नानंतरच्या पहिल्या कामात एक चूक केली होती," मिस्त्री म्हणायचे. "जन्मभर पुरवते आहे."

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी काकू कपाटाच्या दाराला पॉलिश करत होत्या. अर्धं दार झालं आणि बोळा खाली पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शब्द गेले. एक राहिला. पाणी.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. असं होतं. माणूस जागेवर असतं, मनात सगळं असतं, पण तोंडात एकच शब्द अडकून बसतो. भूक लागली तरी तोच. पाय अवघडला तरी तोच. पदवीधर मुलीने अक्षरांचा तक्ता करून आणला. काकूंनी त्याच्याकडे भिंतीवरच्या डागाकडे बघावं तसं बघितलं. अक्षरंही गेली होती.

भूक आणि पाय मिस्त्री ओळखायला शिकले. पण रोज सकाळी, जाग आली की काकू डावा हात वर करायच्या, समोरच्या मांडणीकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पाणी."

मिस्त्री पहिले काही दिवस पाणीच द्यायचे. मग एकदा काकूंनी पेला भिरकावला, तेव्हा कळलं की हे पाणी नाही. मग ते मांडणीतून एकेक फळी ओढून दाखवू लागले.

"ही? ही हवी? काय करून हवंय ह्याचं?"

काकू मान हलवायच्या. नाही. मग डोळे मिटून घ्यायच्या. मिस्त्री फळी हातात धरून उभे राहायचे.

"काहीतरी मागतेय ती," ते मुलीला म्हणाले. "एकच गोष्ट मागतेय. एकतीस वर्षांत हिने माझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतेय तर मला कळत नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. पुढे तीन वर्षं, कधी शब्दात, कधी नुसत्या चेहऱ्याने, तेच म्हणत राहिले.

चित्रं कशी सुरू झाली ते सांगण्यासारखं आहे. काकूंच्या डाव्या हाताला चाळा म्हणून मिस्त्रींनी पॉलिशचा बोळा, लाकडाला द्यायचे रंग आणि प्लायवूडचे तुकडे पलंगावर ठेवले. "शिवी आहे, पण रंग बरा धरते," म्हणाले. काकूंनी महिनाभर त्यांना हात लावला नाही. मग एका दुपारी चित्र काढलं.

चित्रात पलंग होता. पलंगाखाली जमीन नव्हती, काहीतरी तपकिरी, लाटा असलेलं. आजूबाजूला झाडं, झाडांच्या बुंध्यांवर तारखा. आणि पलंगावर एक फिकट पिवळी आकृती, तिरकी, चार कोनांची, तिच्यातून एक गडद आडवी रेघ गेलेली. झोपेत दिसावं तसं सगळं. पण हाताला माहीत असल्यासारखं ठाम.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. चित्राला नाक लावून त्यांनी ती आकृती टेपने मोजली.

"होडी आहे," ते म्हणाले. "पाणी पाणी म्हणते ते होडीचं. ही बसायची फळी, मधली." "करून देतो."

दोन महिने लागले. घरातलं सर्वांत जुनं, सर्वांत वाळलेलं लाकूड घेतलं. होडीच्या आकाराचा बाक झाला, एका अंगाला कललेला आणि तरी पक्का उभा. त्याला खिळा नाही, स्क्रू नाही. मुलीने त्यावरून हात फिरवला तर सांधा सापडेना. मिस्त्रींनी तो पलंगाशेजारी नेऊन ठेवला आणि वाट बघितली.

काकूंनी बाकाकडे बघितलं. डावा हात त्याच्यावर ठेवला, गिऱ्हाइकाच्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मग तो हात पुन्हा वर झाला, मांडणीकडे.

"पाणी."

असं अकरा वेळा झालं. काकू चित्र काढायच्या, मिस्त्री त्यातली पिवळी आकृती मोजायचे आणि घडवायचे. कधी ती झाडात अडकलेली असायची, तेव्हा एका पंखाची खुर्ची झाली. कधी जमिनीवर लांबलेली असायची, तेव्हा एकही काटकोन नसलेलं बुटकं टेबल झालं. एकदा ती अर्धी जमिनीवर आणि अर्धी भिंतीवर होती, तर मिस्त्रींनी कमरेत वाकलेलं कपाट केलं आणि त्याचं दार नीट लागावं म्हणून चार महिने घालवले. गिऱ्हाइकांची कामं मागे पडली. जुनं लाकूड संपत गेलं, मिस्त्री नवं आणत गेले, आणि मांडणी पूर्वीपेक्षा जास्त भरली.

काकूंचा भाऊ टेम्पो चालवायचा. लाकूड तोच आणून द्यायचा. तो ते कपाट बघून म्हणाला, "दाजी, ह्याला काय झालंय? पाठीत उसण भरली का?"

"तुझ्या बहिणीचं स्वप्न आहे ते."

"ताईला इतकी वाकडी स्वप्नं कधीपासून पडायला लागली?"

"माझ्याशी लग्न केल्यापासून," मिस्त्री म्हणाले. हसले नाहीत.

गॅलरीवाल्या बाई आल्या त्या एक खुर्ची दुरुस्त करायला. पंखाच्या खुर्चीसमोर थबकल्या, मग आत जाऊन चित्रं बघितली आणि पलंगाच्या कडेवर न विचारता बसल्या. बाईंना खरंच भरून आलं होतं. अकरा चित्रं आणि अकरा वस्तू, जोडीजोडीने मांडू म्हणाल्या. मिस्त्रींनी आधी नको म्हटलं. मग एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली.

"शंभर माणसं येतील का बघायला?"

"जास्त येतील."

"मग कुणाला तरी कळेल," ते मुलीला म्हणाले. "शंभरातल्या एकाला तरी कळेल ती काय मागतेय."

प्रदर्शनाचं नाव मुलीने सुचवलं. पाण्याकाठी. प्रत्येक जोडीशेजारी लावायच्या पाट्याही तिनेच लिहिल्या. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या पदवीला काम मिळालं होतं. पहिल्या पाटीवर तिने लिहिलं, पाणी हे येथे विस्मृतीचे रूप घेते.

मिस्त्रींनी पाटी वीतभरावरून वाचली. "विस्मृती म्हणजे?"

"विसरणं."

"ती काही विसरलेली नाही."

"तसं नाही काका. ते एक प्रतीक असतं."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात."

गॅलरी म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोठं दालन. भिंती पांढऱ्या केलेल्या. छत इतकं उंच की मिस्त्री आत आले ते वर बघतच. रस्त्याकडची पूर्ण भिंत काचेची होती. उद्घाटनाला काकूंना टेम्पोतून आणलं. चाकांच्या खुर्चीतून आत नेलं. नवी साडी, केस मुलीने विंचरलेले. मिस्त्रींनी खुर्ची पहिल्या जोडीसमोर नेऊन उभी केली. होडीचा बाक, वर चित्र, दिव्याचा झोत.

काकूंनी डाव्या हाताने चाक फिरवलं. खुर्ची वळली. पाठ चित्राकडे, तोंड काचेकडे.

"ताई, चित्रं इकडे आहेत," भाऊ म्हणाला आणि खुर्ची सरळ केली.

काकूंनी परत चाक फिरवलं. तिसऱ्यांदा भावाने हात लावला तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटावर चापटी मारली. मग त्या काचेसमोर बसून राहिल्या. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. पाहुणे येत होते, वाकून नमस्कार करत होते, काकू कुणाकडे बघत नव्हत्या. त्या एकदाही पाणी म्हणाल्या नाहीत.

"दमल्या असतील," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. ते एकटेच आत वळले. मुलगी त्यांच्या मागे गेली. तिला त्यांना एकटं सोडवेना.

ते सवयीने होडीच्या बाकापाशी गेले, चष्मा कपाळावर ढकलला, वाकले. लगेच पहारेकरी आला. जमिनीवर, प्रत्येक जोडीपासून चार पावलांवर, एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

"काका, पट्टीच्या मागे."

"बाक माझा आहे."

"सगळे असंच काहीतरी सांगतात. मागे व्हा."

"अहो, मी केलाय तो."

"तर मग तुम्हाला माहीतच असेल कसा आहे. मागे व्हा."

मुलगी पुढे होऊन सांगणार होती. पण मिस्त्री मागे सरकले होते. वाद घालायचं बळ नव्हतं त्यांच्यात. पट्टीच्या मागे गेले, मग आणखी मागे, दालनाच्या मधोमध. चष्मा डोळ्यांवर घेतला. अकरा चित्रं त्यांनी आठ फुटांच्या दुकानात बघितली होती, एकेक, नाक लावून. आता अकराही एकदम समोर आली.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून डोळ्यासमोर आडवी धरली. एका चित्रावर. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

"पदवीधर," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "ही रेघ मधोमध नाही."

"कुठली?"

"पिवळ्यातली. सगळीकडे. खाली आहे. प्रत्येकात तेवढीच खाली. मी अकरा वेळा मोजली. अकरा वेळा तेवढीच खाली घेतली. आणि माझ्या टाळक्यात शिरलं नाही."

"काय शिरलं नाही काका?"

"चार बोटं," मिस्त्री म्हणाले.

तिथेच, दालनाच्या मधोमध उभं राहून, त्यांनी तिला सांगितलं. लग्न झालं तेव्हा मागच्या खोलीला खिडकी नव्हती. त्यांनी ती केली, स्वतःच्या घरातलं पहिलं काम. नवी बायको शेजारी बसून गप्पा मारत होती. गप्पांच्या नादात मधल्या आडव्या पट्टीची खूण चुकली, चार बोटं खाली गेली. बदलू म्हणाले तर ती म्हणाली, राहू दे, आपली आहे. सकाळी त्या खिडकीतून ऊन पलंगावर यायचं. तिरकं, चार कोनांचं, मधे पट्टीची सावली. ती म्हणायची, बघा, तुमची चूक पांघरून झोपले होते.

"त्यात होडी नाही," मिस्त्री म्हणाले. "पंख नाही. काहीच नाही. ऊन आहे ते. ती मांडणीकडे बोट दाखवत होती तर मी तिला फळ्या दाखवत होतो. ती फळ्यांच्या मागचं दाखवत होती."

मुलीने भिंतीकडे बघितलं. तिथे तिच्या अकरा पाट्या होत्या.

मिस्त्री काचेकडे चालत गेले. काकूंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, नव्या सदऱ्यानिशी. "खिडकी?" त्यांनी विचारलं. "आपली खिडकी?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने त्यांच्या डोक्याचे केस मुठीत धरले आणि हलवले, जोरात, दोन-तीनदा. रडत होत्या की रागावल्या होत्या, ते मुलीला कळलं नाही. मिस्त्रींना कळलं असावं. ते मान खाली घालून बसले आणि केस ओढू दिले.

दुसऱ्या दिवशी मांडणी रिकामी करायला घेतली. मिस्त्री, मेहुणा आणि मुलगी. फळ्या पुढच्या खोलीत रचल्या, ती भरली तेव्हा गल्लीत रचल्या. काकू पलंगावर उशीला टेकून बघत होत्या. त्यांचे डोळे इतके उघडे मुलीने कधी बघितले नव्हते. दुपारी मांडणीचे खांब निघाले आणि मागे खिडकी दिसली. धुळीने मढलेली, फुगून घट्ट बसलेली. आडवी पट्टी चार बोटं खाली. मिस्त्रींनी फटीत पटाशी घातली, झडपेवर खांद्याने जोर दिला. झडप कुरकुरत उघडली.

बाहेर भिंत होती.

हातभर अंतरावर. सिमेंटचे ओघळ तसेच सुकलेले. पाच वर्षांपूर्वी मागे तीन मजल्यांची इमारत उभी राहिली होती. तिचे आवाज सगळ्यांनी ऐकले होते. तिची अठरा दारं मिस्त्रींनीच केली होती. मांडणीच्या आड नेमकं काय झाकलं गेलं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मिस्त्रींनी खिडकीतून हात बाहेर काढून त्या भिंतीला तळवा लावला.

"ओल आहे," ते म्हणाले.



काकूंनी भिंतीकडे बघितलं. मग मान दुसऱ्या बाजूला वळवली. त्या दिवसापासून त्यांनी बोळा हातात घेतला नाही. सकाळी हात वर केला नाही. पाणी म्हणणं थांबलं. घास तोंडात दिला तर तसाच ठेवायच्या. चार दिवसांनी डॉक्टर येऊन गेले. अंगात नवं काही नाही, म्हणाले. पण खाल्लं नाही तर महिनाभरसुद्धा निघणार नाही.

मिस्त्री रात्रंदिवस छताकडे बघत बसले. पाचव्या दिवशी सकाळी पत्र्यावर चढले, हातात काठी आणि खडू. मुलीने खालून हाक मारली.

"काका, काय करताय?"

"ऊन कुठून येतं बघतोय."

दोन दिवस वर बसून होते. त्या इमारतीच्या डोक्यावरून ऊन दहा वाजता यायचं आणि दीडला जायचं. साडेतीन तास. पलंगाच्या डावीकडे छत कापलं आणि खिडकी तिरकी बसवली तर अकरा वाजता ऊन बरोबर काकूंच्या पायांवर पडणार होतं. खाली उतरले तेव्हा मान भाजली होती आणि डोळे चमकत होते.

"पण दिवस खाली सरकतोय," ते म्हणाले. "महिन्याने हे ऊनही जाईल. ह्या वेळी सावकाश नाही, पदवीधर."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मुलीला भीती वाटली. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

चौकटीला वाळलेलं लाकूड हवं होतं. घरात होतं ते सगळं ओलं, टोकांवर ह्याच वर्षीच्या तारखा. जुनं सगळं गॅलरीत उभं होतं. मिस्त्री मेहुण्याला घेऊन टेम्पोने गॅलरीत गेले.

"होडीचा बाक नेतो," ते म्हणाले.

"प्रदर्शन अजून तीन आठवडे आहे," बाई म्हणाल्या. "आणि लोक त्याच्यासमोर अर्धा-अर्धा तास उभे राहतात. ती कलाकृती आहे काका."

"बाक आहे बाई. चुकलेला."

"नेऊन काय करणार?"

"कापणार."

बाईंनी मुलीकडे बघितलं, मदतीला. मुलीने बाकाचं एक टोक उचललं. पहारेकऱ्याने न सांगता दुसरं उचललं. चित्र भिंतीवर एकटं राहिलं, आणि त्याच्या शेजारी मुलीने लिहिलेली पाटी.

होडी कापताना मिस्त्रींचा हात अडखळला नाही. चार दिवसांत चौकट झाली. मधली पट्टी बसवायच्या आधी ते चौकट घेऊन पलंगापाशी गेले. पट्टी मधोमध धरली.

"इथे?"

काकू बघत नव्हत्या.

"अगं, बघ तरी. इथे?"

काकूंची मान वळली. त्यांनी पट्टीकडे बघितलं. मिस्त्रींनी ती हळूच खाली सरकवली. एक बोट, दोन, तीन. चारवर काकूंच्या घशातून एक आवाज आला. तीन वर्षांत तो आवाज मुलीने ऐकला नव्हता. त्या हसल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी अर्धी वाटी सूप घेतलं.

"उद्या छत कापतो," मिस्त्री म्हणाले. "परवा ऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मुलगी तिच्या घरी खिडकीत बसून वाचत होती. समोरून आवाज आला. पाणी. तिने वर बघितलं नाही. पुन्हा आला, मग पुन्हा, लागोपाठ, मोठ्याने. पाणी, पाणी, पाणी. तीन वर्षं गल्लीने तो शब्द ऐकला होता. दहा-बारा दिवस तो बंद होता, आणि आता परत आला, म्हणून मुलीला बरंच वाटलं. काकूंना परत काहीतरी हवंय. चांगलं लक्षण आहे. तिने पान उलटलं.

प्रकरण संपवून ती गेली. वीस मिनिटं झाली असतील. आवाज तेव्हा थांबला होता.

मिस्त्री शिडीच्या खालच्या पायरीवर बसले होते, डोकं शिडीच्या दांडीला टेकलेलं. मांडीवर पटाशी. हातात पेन्सिल, तिचं टोक मोडलेलं, एका बाजूने तासायला घेतलेलं. काकू पलंगावरून खाली पडल्या होत्या. सरपटत त्या शिडीपर्यंत पोचल्या होत्या आणि त्यांचा डावा हात मिस्त्रींच्या पावलावर होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. लगेच कुणी आलं असतं तर, असं मुलीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते दयाळू गृहस्थ आहेत.

ह्याला आज सहा दिवस झाले. मेहुणा इथेच झोपतो. मुलगी सकाळी येते, काकूंना भरवते, केस विंचरते. काकू काही म्हणत नाहीत. तो एक शब्दही नाही. चौकट भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी करवत, धार लावलेली. मेहुणा दुसऱ्या मिस्त्रीला बोलवू म्हणतो, रोज म्हणतो, आणि फोन हातात घेऊन बसतो.

काकू उताण्या पडून वर बघतात. छताच्या फळ्यांवर, पलंगाच्या डावीकडे, पेन्सिलीने आखलेली खिडकी आहे. वरची रेघ पूर्ण. डावी पूर्ण. उजवी पूर्ण. मधली आडवी पट्टी, चार बोटं खाली, पूर्ण. खालची रेघ निम्म्यापर्यंत आली आहे. तिथे टोक मोडलं.